कॉलेजचं नाव बदलायला राज्यभर मतदान घेतलं जातं का?

हो, अमेरिकेत असं झालंय. नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात 1890 साली सुरू झालेलं कृषी महाविद्यालय आहे. राज्याच्या 1889 च्या घटनेतच कोणती संस्था कुठल्या गावात असेल हे लिहून ठेवलं होतं आणि त्यात 'कृषी महाविद्यालय' असाच उल्लेख होता. पुढे तिथे इंजिनिअरिंग आलं, फार्मसी आली, पण पदवीवर नाव शेतकी कॉलेजचंच. शेवटी 1960 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभरातल्या मतदारांनी कौल दिला आणि त्याचं नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटी झालं. एरवी कॉलेजची नावं विधिमंडळ किंवा संस्थेचं मंडळ ठरवतं.

आपल्याकडे अशा सार्वमताची तरतूद नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला, पण नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या काळात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. तेव्हा मतदान घ्यायला हवं होतं असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्यांची घरं जळत होती ते संख्येने थोडे होते, त्यांच्या सन्मानाचा निकाल डोकी मोजून कसा लावणार? 14 जानेवारीला छत्रपती संभाजीनगरला जाऊन विद्यापीठाचं गेट एकदा बघाच. बायाबापड्या लेकरांना कडेवर घेऊन येतात आणि त्या गेटला हात लावून डोकं टेकवतात.