परीक्षा संपून तीन महिने झाले आणि आता मुठीने केस गळताहेत. ताणामुळे असं होतं का?

हो, होतं, आणि उशिरा गळणं हीच त्याची खूण. मोठा ताण, टायफॉइड-डेंग्यूसारखा ताप किंवा बाळंतपण झालं की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ते सुटायला साधारण २-३ महिने लागतात. म्हणून परीक्षेचा ताण आता कंगव्यात दिसतोय.

गळलेला केस उजेडात धरून बघा. मुळाकडच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर घाबरू नका, तो विश्रांतीतला केस आहे आणि त्याच जागी नवा येतो. (रोज ५०-१०० केस तर सगळ्यांचेच जातात.) बहुतेकांचं हे ६ महिन्यांत आपोआप थांबतं, महागड्या तेलांवर पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या. नाण्याएवढं गोल टक्कल पडलं असेल तर ती चाई असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.