जर्मनीच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवायचं असेल, तर हायडनपासून मागे मोजत या

तुमच्या प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी: वय २२, राहणं वसईला, बी.कॉम. पूर्ण, ट्रम्पेटची आठवी ग्रेड झालेली, बाख कंपनीचं बी-फ्लॅट स्ट्रॅडिव्हेरिअस वाजवता. जर्मनीत मास्टर्स करून तिथल्या ऑर्केस्ट्रात नोकरी मिळवायची आहे. किती वर्षं लागतील, कोणतं वाद्य आणावं आणि पैसे किती लागतील, हे तुम्ही विचारलंत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मास्टर्सला तुम्हाला प्रवेश मिळणार नाही. तिथल्या संगीत विद्यापीठात, म्हणजे म्युझिकहोखशूलेत, मास्टर्ससाठी संगीतातलीच बॅचलर पदवी लागते. बी.कॉम. किंवा ग्रेड परीक्षा तिची जागा घेत नाहीत. तुम्हाला बॅचलरपासून सुरुवात करावी लागेल, म्हणजे आठ सेमिस्टर, चार वर्षं. २३ व्या वर्षी प्रवेश मिळाला तर पदवीपर्यंत २७ होतील. ऑर्केस्ट्रांच्या अकादमी असतात, बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी त्यातली सर्वांत नावाजलेली. तिथे निवडलेल्या मुलांना साधारण दोन वर्षं मुख्य ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला मिळतं, पण बहुतेक ठिकाणी वयाची अट विशीच्या उत्तरार्धातच संपते. म्हणून पदवी हातात पडेपर्यंत थांबायचं नाही. तिसऱ्या वर्षापासूनच अकादमी आणि प्राक्टिकुम, म्हणजे ऑर्केस्ट्रातली उमेदवारी, यांचे अर्ज टाकायचे.

आता जागा किती आहेत ते बघू. सरकारी पैशावर चालणारे जर्मनीतले व्यावसायिक ऑर्केस्ट्रा सुमारे १२९ आहेत. १९९२ मध्ये ते १६८ होते. एकेका ऑर्केस्ट्रात ट्रम्पेटच्या तीन ते पाच जागा धरल्या, तर देशभरात सगळ्या मिळून पाचशेच्या आसपास होतात. ज्याला जागा मिळते तो तीस-पस्तीस वर्षं तिथेच बसतो. म्हणजे वर्षाला जेमतेम पंधराएक खुर्च्या रिकाम्या होतात, त्याही पहिली, दुसरी, तिसरी अशा सगळ्या धरून. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण प्रमाण याहून फार वेगळं निघणार नाही. आणि या पंधरा खुर्च्यांसाठी २४ सरकारी होखशूलेंमधून बाहेर पडणारे जर्मन, जपानी, कोरियन, स्पॅनिश वादक रांगेत असतात. हे घाबरवायला सांगत नाही. कोणत्या एका गोष्टीवर सगळी ताकद लावायची, ते यावरून ठरतं म्हणून सांगतो.

ती गोष्ट म्हणजे हायडन या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो, म्हणजे एकल ट्रम्पेट आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. १७९६ मध्ये त्याने व्हिएन्नाच्या आंतोन वायडिंगरच्या चाव्यांच्या ट्रम्पेटसाठी लिहिलेला, ई-फ्लॅट मेजरमधला. नोकरीच्या परीक्षेला जर्मनीत प्रोबेश्पील म्हणतात. तिची पहिली फेरी पडद्याआड असते, आणि ट्रम्पेटसाठी त्या फेरीत जवळजवळ नेहमीच हायडनच्या पहिल्या भागाचा आरंभ पियानोबरोबर वाजवायला सांगतात. तीन-चार मिनिटं वाजवता, पडद्यापलीकडून ‘डांके’ ऐकू येतं, तुम्ही बाहेर येता. पलीकडे ऑर्केस्ट्राचे वादक बसलेले असतात आणि तेच मतदान करतात. तुमचं बायोडेटातलं काहीही त्यांच्यासमोर नसतं.

इथे आपल्याकडचे वादक कुठे अडतात? पहिली अडचण वाद्याची. जाहिरातीत बहुधा लिहिलेलं असतं की हायडन बी-फ्लॅट ट्रम्पेटवर वाजवायचा. ई-फ्लॅट ट्रम्पेटवर तो सोपा जातो आणि एकल वादक तो तसा वाजवतातही, पण परीक्षेत चालत नाही. बी-फ्लॅटवर तो एफ मेजरमध्ये येतो. पहिला प्रवेश एफ, जी, ए असा पायऱ्या चढल्यासारखा आहे. हे तीन स्वर कुणालाही वाजवता येतात, आणि निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो. ते एकाच रंगाचे, एकाच रुंदीचे, मधे फट न ठेवता आणि पहिल्या स्वराला धक्का न बसता यायला हवेत. वरच्या स्वरांची चमक नंतर ऐकली जाते. दुसरा भाग सहा-आठच्या तालात, गायल्यासारखा आहे. तो मागितला तर श्वास कुठे घेता याकडे सगळ्यांचे कान असतात.

दुसरी अडचण पट्टीची. जर्मन ऑर्केस्ट्रांचा मूळ ए हा स्वर ४४२-४४३ हर्ट्झला लावलेला असतो. तुम्ही ४४०ला सराव करून आलात, तर पियानोबरोबर ओठ नकळत वर ताणू लागतात, आवाज पातळ होतो आणि दोन पानांत दम जातो. आजपासून ट्यूनर ४४३वर ठेवा.

तिसरी अडचण फुंकेची. वसई-मुंबईच्या लग्नाच्या बँडमध्ये, चर्चच्या मिरवणुकीत, उघड्यावर तीन-तीन तास वाजवून जी ताकद येते ती खरी असते, तिची लाज वाटायचं कारण नाही. पण उघड्यावर स्वर ‘मारून’ सुरू करायची सवय लागते, आणि हॉलमध्ये हळू सुरू होणारा स्वर मग फुटतो. रोज वीस मिनिटं फक्त पियानिसिमोत, म्हणजे अगदी हळू आवाजात, जीभ न लावता, नुसत्या हवेने स्वर सुरू करायचा सराव करा. लग्नाच्या सीझनमध्ये हा सराव आणि बँडचं काम एकाच दिवशी करू नका.

पुढच्या फेऱ्यांत पडदा काढतात आणि ऑर्केस्ट्राचे उतारे येतात. बेथोव्हेनच्या तिसऱ्या लिओनोरातली पडद्यामागून येणारी ललकारी, माहलरच्या पाचव्या सिम्फनीचा आरंभ, राव्हेलने ऑर्केस्ट्रात आणलेल्या मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स’मधली पहिली प्रोमेनाड आणि म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून वाजवायचा भाग, ‘पेत्रुश्का’तला नृत्याचा तुकडा, राव्हेलच्या जी मेजर पियानो कॉन्चेर्टोतली जलद जीभ, ‘पार्सिफाल’च्या आरंभातली लांब हळू ओळ, ‘डॉन पास्क्वाले’तलं एकल. पिकोलोवर, म्हणजे उंच सुराच्या छोट्या ट्रम्पेटवर, संगीतकार बाखचं ख्रिसमस ऑराटोरिओ. हे ऑपेराचे उतारे उगाच नाहीत: जर्मनीतले बरेच ऑर्केस्ट्रा नाट्यगृहांचे आहेत आणि आठवड्यातले तीन-चार दिवस रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून ऑपेरा वाजवतात.

यासाठी लागतं ट्रान्स्पोझिशन, आणि ग्रेड परीक्षांमध्ये ते पुरेसं होत नाही. जुन्या संगीतकारांचे भाग डी, ई, ई-फ्लॅट, एफ, ए अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहिलेले असतात आणि तुम्ही ते समोर बघूनच आपल्या वाद्यावर वळवायचे. बी-फ्लॅट वाद्यावर डीमधला भाग दोन स्वर वर, एफमधला पाचवा सूर वर, ए-मधला अर्धा स्वर खाली. कोप्राशच्या सरावपुस्तकातला एक छोटा एट्यूड, म्हणजे सरावाचा तुकडा, घ्या आणि दर दिवशी नव्या पट्टीत वाजवा. सात दिवसांत सात पट्ट्या, मग पुढचा एट्यूड. गोव्याच्या पॅरिश शाळांतून सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर नावांनी गाऊन वाचणं, पक्कं करून आलेल्या वादकांनी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत कागद बघताक्षणी वाजवून दाखवले, ती कसोटी हीच आहे. वसईतही असं वाचन शिकवणारे जुने गुरुजी सापडतील; त्यांच्याकडे वर्षभर बसा.

नावांचा घोळ आताच मिटवा. जर्मनीत बी म्हणजे आपला बी-फ्लॅट, आणि आपल्या बीला ते ‘हा’ म्हणतात. एफ-शार्प म्हणजे फिस, ई-फ्लॅट म्हणजे एस. प्रवेशपरीक्षेत कानाची चाचणी असते. सूर बरोबर ओळखूनही नाव चुकीचं लिहिलं की गुण जातात. त्याच परीक्षेत थोडा थिअरीचा पेपर आणि थोडा पियानोही असतो. पियानो अगदीच येत नसेल तर आजच सुरू करा, वर्षभरात सोपा सोनाटिना वाजवता येईल एवढं पुरे.

वाद्याबद्दल. जर्मन ऑर्केस्ट्रात हायडन, बेथोव्हेन, ब्रुकनर, वाग्नर हे रोटरी, म्हणजे फिरत्या व्हॉल्व्हच्या, ट्रम्पेटवर वाजवतात. ते आडवं धरतात, आवाज रुंद आणि गडद असतो, आणि बऱ्याच वाद्यांवर वरचे स्वर पक्के लागावेत म्हणून जास्तीच्या चाव्या असतात. तुमचं पिस्टनचं बाख वाया जात नाही, फ्रेंच आणि अमेरिकन संगीताला ते लागतंच. पण भारतातून रोटरी विकत घेऊन येऊ नका. मोंके, शागेर्ल, टाइन अशा कारखान्यांची नवी वाद्यं कित्येक हजार युरोंना पडतात आणि प्रत्येकाची फुंक वेगळी असते. प्रवेश मिळाल्यावर प्राध्यापकाबरोबर जाऊन चार-पाच वाजवून बघा. होखशूलेकडे उसनी वाद्यंही बहुधा असतात. रोटरीचे व्हॉल्व्ह घरी उघडू नका, आणि पिस्टनचं तेल त्यात घालू नका. माउथपीस प्रवेशपरीक्षेच्या आधी सहा महिने बदलू नका. असलेल्या वाद्याची पावती मात्र बरोबर ठेवा. कस्टमला ते वापरातलं आहे हे दाखवावं लागू शकतं.

पैशाचं गणित. बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीसारखं शुल्क. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १५०० युरो द्यावे लागतात, म्हणजे आठ सेमिस्टरचे १२,०००. त्या राज्यात पाच संगीत होखशूले आहेत: फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहे, मानहाइम, स्टुटगार्ट आणि ट्रोसिंगन. तिथला एखादा प्राध्यापक तुमच्यासाठी खरोखर योग्य असेल तर १२,००० युरो जास्त नाहीत. चुकीच्या शिक्षकाकडे फुकट चार वर्षं घालवणं त्याहून महाग पडतं. व्हिसासाठी बंद खात्यात, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, अर्ज करताना पुन्हा तपासा. म्युन्शेनमध्ये, म्हणजे म्युनिकला, एवढ्यात भागत नाही, ट्रोसिंगन किंवा वायमारमध्ये भागतं.

काम करून कमावता येतं, वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. इथे एक खाच आहे. ख्रिसमसच्या आठवड्यांत चर्चमध्ये वाजवायला बोलावतात आणि तेव्हा पिकोलोवाल्यांची चणचण असते, पण ते मानधन बहुधा स्वतंत्र व्यवसायात मोडतं. विद्यार्थ्याच्या परवान्यावर स्वतंत्र व्यवसायाला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. पहिल्या महिन्यातच ती मागा. नंतर परवाना वाढवताना हिशेब निघाला तर त्रास होतो.

व्हिसात आपली मुलं सगळ्यात मोठी चूक करतात ती अशी: प्रवेशपरीक्षेला शेंगेन पर्यटक व्हिसावर जातात, पास होतात, आणि तिथेच राहून विद्यार्थी परवाना मिळेल असं धरून चालतात. भारतीयांना तो बदलून मिळत नाही, परत येऊन नव्याने अर्ज करावा लागतो, आणि सेमिस्टर निघून जातं. प्रवेश अजून निश्चित नसेल तर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यांचा वेगळा व्हिसा असतो, तो मागा. कागदपत्रांची एपीएस पडताळणी, म्हणजे तुमची प्रमाणपत्रं खरी आहेत का याची जर्मन केंद्राकडून होणारी तपासणी, त्याच्याही आधी, कारण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ती बहुतांशी सक्तीची आहे आणि तिला वेळ लागतो. जर्मनची तयारी मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात करा. भाषेची बी-१ किंवा बी-२ पातळी मागतात, होखशूलेनुसार.

नोकरी लागली तरी पहिलं वर्ष साधारण परीक्षेचं असतं, प्रोबेयार. वर्षाच्या शेवटी ऑर्केस्ट्रा पुन्हा मत देतो. इथे माणसं वरच्या सुरामुळे क्वचितच पडतात. शेजारच्यांबरोबर स्वर एकाच वेळी संपवणं, दुसऱ्या ट्रम्पेटने पहिल्याच्या खाली राहून पट्टी धरून ठेवणं, हे जमलं नाही की पडतात. जाहिरात वाचताना ‘दुसरं ट्रम्पेट, पहिल्याच्या बंधनासह’ असं काही दिसलं तर समजा, गरज पडेल तेव्हा पहिलंही वाजवावं लागेल. पगार ऑर्केस्ट्राच्या वर्गाप्रमाणे ठरतो, कामाचं एकक म्हणजे दीन्स्ट, तालीम किंवा प्रयोग, आठवड्याला सरासरी सात-आठ. लष्करी बँडचा विचार सोडा, तिथे जर्मन नागरिकत्व लागतं. संगीतशाळांत शिकवण्याचं काम मात्र चांगला आधार आहे, आणि मानधनावरची संगीतशिक्षिका प्रत्यक्षात नोकरीवरच आहे असं ठरवणाऱ्या २०२२च्या हेरेनबर्ग निकालानंतर बऱ्याच शाळा मानधनाऐवजी नोकरीवर घेऊ लागल्या आहेत. पदवी पूर्ण झाली की नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. म्हणून मधेच नोकरी लागली तरी पदवी सोडू नका. ऑर्केस्ट्रा पदवी विचारत नाही, पण तिच्यामुळे तुमचा राहण्याचा परवाना सोपा होतो.

घर घेताना भाडेकरारातला संगीताचा नियम वाचा. एका व्यावसायिक ट्रम्पेटवादकाच्याच प्रकरणात जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की कामाच्या दिवशी साधारण दोन-तीन तास आणि रविवारी-सणाला एक-दोन तास सराव मान्य करायला हवा. रात्री दहानंतर शांतता. बाकीचा सराव होखशूलेच्या खोल्यांत करायचा, आणि त्यांच्यासाठी सकाळी सातला रांग लागते.

आता लगेच करायचं काम एकच. हायडनचा पहिला भाग पियानोबरोबर, ४४२ किंवा ४४३ला, एका दमात, न जोडता-कापता रेकॉर्ड करा. बरोबर एक संथ आणि एक जलद एट्यूड. तीन-चार प्राध्यापकांना जर्मनमध्ये सात-आठ ओळींचं पत्र लिहा: वय, किती वर्षं वाजवता, कोणाकडे शिकलात, कधी प्रवेशपरीक्षा द्यायची आहे, आणि एक चाचणी-तास मिळेल का. हे पत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात जायला हवं, कारण हिवाळी सत्राचे अर्ज बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलमध्ये बंद होतात. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.