रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भारपण : वाचकांचे प्रश्न

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच रक्तात गुठळ्या होण्यास कारणीभूत ठरते आणि त्यातून गर्भपातही होऊ शकतो. त्याविषयीचा तोच गोंधळ पत्रांतून पुन:पुन्हा येत असल्याने चार उत्तरे एकत्र देत आहे.

पोटावर घ्यायच्या हेपरिनच्या (गुठळ्या रोखणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनांनी बाळाला अपाय होतो का? (कराड)

नाही, हेपरिन वारेतून बाळाकडे जात नाही.

आठव्या आठवड्यात दोनदा गर्भपात झाला. लॅबच्या पॅकेजमध्ये अँटिकार्डिओलिपिन पॉझिटिव्ह आले. मला हाच आजार आहे का? (तासगाव)

एका रिपोर्टवरून हे ठरत नाही. अँटिकार्डिओलिपिन ही या आजारात रक्तात सापडणारी प्रतिपिंडे आहेत, पण साध्या विषाणुजन्य तापानंतरही ती काही काळ वाढतात, म्हणून किमान 12 आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते आणि प्रमाण मध्यम किंवा जास्त आहे का, हेही पाहावे लागते. जोडीला बीटा-2 ग्लायकोप्रोटीन आणि लुपस अँटिकोअॅग्युलंट या चाचण्या हव्यात. यांपैकी शेवटच्या चाचणीचे नावच (अँटिकोअॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारे) फसवे आहे, कारण नळीत रक्त गोठायला उशीर होतो आणि शरीरात मात्र गुठळ्या होतात. तिचा नमुना काही तासांतच यंत्रात दोनदा वेगाने फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. सकाळी काढलेली नळी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला जाईपर्यंत तशीच डब्यात पडून राहत असेल, तर त्या रिपोर्टचा मला तरी भरवसा वाटत नाही. हेपरिन चालू असतानाही ही चाचणी दिशाभूल करू शकते. ‘गर्भपात पॅकेज’मध्ये एमटीएचएफआरसारखी जनुकचाचणी घुसडून बिल फुगवले जाते, तिची येथे गरज नसते. दहाव्या आठवड्यानंतर गर्भ दगावणे किंवा तीव्र रक्तदाबामुळे 34 आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागणे, असे काही पूर्वी घडले असल्यास तेही सांगा. सगळे कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ या दोघांनाही भेटा. शेजारणीला लागू पडलेली अॅस्पिरिन परस्पर सुरू करू नका.

बहिणीला पायातील गुठळीसाठी वॉरफेरिन (गुठळ्या रोखणारी गोळी) चालू आहे. पाळी चुकली आहे. डॉक्टरांची वेळ पंधरा दिवसांनी मिळाली. (वाई)

पंधरा दिवस थांबू नका, आजच फोन करा. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफेरिनने बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीत व्यंग येऊ शकते. म्हणून त्याआधीच हेपरिनवर बदल करायचा असतो, पण तो डॉक्टरांनी. गोळी मनाने बंद केल्यास नवी गुठळी होण्याचा धोका असतो.

आठव्या महिन्यात डोके ठणकते, डोळ्यांपुढे चमकते. सासूबाई लिंबूपाणी घ्यायला सांगतात. (पाटण)

लिंबूपाणी राहू द्या. हे पत्र लिहिण्याऐवजी रक्तदाब मोजायला हवा होता. ही प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराची, लक्षणे असू शकतात. बरगडीखाली दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे हीही तितकीच गंभीर आहेत. वाहन नसेल तर 108 ला फोन करून तज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठा, आणि अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे जुने रिपोर्ट असल्यास सोबत न्या.