कॉम्बी बॉयलरच्या सिस्टीममधलं पाणी अर्धी बादली येऊन थांबतं, पूर्ण कसं काढायचं?

इंग्लंडमधल्या दुमजली घरात दोन रेडिएटरांचे व्हॉल्व्ह बदलायचे आहेत, बॉयलर कॉम्बी (रेडिएटर तापवणारा आणि नळाला गरम पाणीही देणारा एकच बॉयलर) आहे, ड्रेन कॉक (सिस्टीमचं पाणी काढायचा खालचा छोटा नळ) उघडला तर थोडं पाणी येऊन थांबलं, असं तुम्ही लिहिलंय. पाणी थांबलं म्हणून व्हॉल्व्ह खोलू नका. ते थोडं पाणी आतल्या दाबामुळे आलं. बाकीचं वर तसंच उभं आहे, कारण त्याच्या जागी हवा शिरायला वाट नाही.

आधी बॉयलरची वीज भिंतीवरच्या फ्यूज्ड स्विचवरून बंद करा आणि सिस्टीम दोन-तीन तास थंड होऊ द्या. बॉयलरखालच्या फिलिंग लूपचे (मेनमधून सिस्टीममध्ये पाणी भरायच्या जोडनळीचे) व्हॉल्व्ह नीट बंद आहेत ना, तेही बघा. ते थोडे जरी गळत असले तरी मेनचं पाणी आत येत राहतं आणि दिवसभर काढलं तरी संपत नाही.

होजपाइप ड्रेन कॉकला जुबिली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्टीने) आवळा. नुसता सरकवलेला पाइप हमखास निसटतो. दुसरं टोक कॉकपेक्षा खाली, बाहेरच्या सांडपाण्याच्या गटारात सोडा. पावसाच्या पाण्याच्या गटारात नको, या पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) असतो. चौकोनी डोक्याचा कॉक पान्याने हळूहळू फिरवा. स्पिंडलपाशी तो बहुधा गळतोच, म्हणून खाली ताट आणि जुने टॉवेल ठेवा. हे पाणी लोखंडाच्या काळ्या गाळाचं असतं, गालिच्यावर पडलं की डाग जात नाही.

आता तुमची खरी अडचण. बॉयलरवरचा दाबाचा काटा शून्यावर आला की वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरांचे ब्लीड व्हॉल्व्ह (हवा काढायचे वरचे छोटे स्क्रू) उघडा. काटा शून्यावर यायच्या आधी उघडलेत तर काळी पिचकारी भिंतीवर! हवा आत ओढल्याचा आवाज येईल आणि खाली धार पुन्हा सुरू होईल. वरचे रिकामे झाले की खालच्या मजल्याचे उघडा. रेडिएटरांचे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह उघडे हवेत, टीआरव्ही (खोलीच्या तापमानानुसार आपोआप उघडबंद होणारा आकडेवाला व्हॉल्व्ह) पूर्ण वरच्या आकड्यावर. पाइपवर मोटराइज्ड (विजेवर उघडबंद होणारा) व्हॉल्व्ह असेल तर त्याची कांडी हाताने उघड्या स्थितीत अडकवा.

ब्लीड उघडूनही धार येत नसेल तर कॉकच गाळाने तुंबलाय किंवा आतला वॉशर चिकटलाय. होज काढा, कॉक बंद करा, खाली बादली धरून पुन्हा थोडा उघडा आणि तारेने तोंड टोचा. वॉशर कडक झालेला असेल तर पाणी संपल्यावर लगेच बदला, नाहीतर भरताना तोच गळेल.

काँक्रीटची जमीन असलेल्या काही घरांत खालच्या रेडिएटरांचे पाइप छतातून उतरतात. तिथे एका कॉकने सगळं पाणी निघतच नाही, खालचा प्रत्येक रेडिएटर वेगळा रिकामा करावा लागतो. म्हणून नट सैल करताना ताट खाली हवंच.

माळ्यावर छोटी टाकी असलेली जुनी सिस्टीम असेल तर आधी टाकीचा नळ बंद करा, तो फिरत नसेल तर आतला फ्लोट (तरंगणारा गोळा) टाकीवर ठेवलेल्या आडव्या काठीला सुतळीने वर बांधा. खाली पाणी वाहतंय आणि टाकी मात्र भरलेलीच, असं दिसलं तर टाकीतून येणारा पाइप गाळाने बंद आहे. तो साफ केल्याशिवाय पुन्हा भरणं व्यर्थ.

भरण्याआधी सगळे ब्लीड आणि ड्रेन कॉक बंद करा. इनहिबिटर घालायला विसरू नका. 1 लिटरची बाटली साधारण 100 लिटर पाण्याला पुरते, पण बाटलीवरचं प्रमाण पाहा. फिलिंग लूपमधून सावकाश भरा, आधी खालच्या, मग वरच्या रेडिएटरांतली हवा काढा. थंड असताना काटा 1 ते 1.5 बारच्या दरम्यान ठेवा. भरून झालं की लूप बंद करा. हवा काढली की दाब उतरतो, म्हणून दोन-तीनदा भरावं लागेल. एकदा तापवून थंड झाल्यावर नवे सांधे कोरड्या टिश्यूने पुसून बघा. बॉयलरचं झाकण मात्र खोलू नका, ते काम गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत नोंदणी) नोंदणी असलेल्या माणसाचं.

पुढे कधी फक्त भिंत रंगवण्यापुरता रेडिएटर काढायचा असेल तर यातलं काहीच लागत नाही. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून तेवढाच रिकामा करता येतो. लॉकशील्ड (टीआरव्हीच्या विरुद्ध बाजूचा, टोपीखाली झाकलेला व्हॉल्व्ह) बंद करताना किती फेरे फिरवले ते मोजून ठेवा, परत तेवढेच उघडायचे असतात. टीआरव्हीवर तिची बंद करायची टोपी लावा, कारण खोली थंड झाली की ती आपणहून उघडते.