डेनींच्या हौदाकडे बघ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जहाजबांधणी शिकताना जुन्या कंपन्यांचा इतिहास कशाला वाचायचा, असं तू विचारलंस. सगळ्यांचा नको वाचूस. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या विल्यम डेनी अँड ब्रदर्सचा मात्र नीट वाच.

लेव्हन नदी क्लाइडला मिळते तिथलं हे शिपयार्ड. १८६९ मध्ये 'कटी सार्क' हे प्रसिद्ध शिडाचं जहाज बांधता बांधता स्कॉट अँड लिंटन या कंपनीचं दिवाळं वाजलं आणि उरलेलं काम डेनींनी पुरं केलं. लोकांना तेवढंच आठवतं.

मला कंपनीचे एक मालक पीटर डेनी यांचा मुलगा विल्यम जास्त मोलाचा वाटतो. तेव्हा नवं जहाज एकदा पूर्ण वेगाने पळवायचे, करारातला वेग मिळाला की संपलं. विल्यमने १८७५ च्या सुमारास ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'मर्कारा' हे जहाज वेगवेगळ्या वेगांनी चालवलं, अगदी संथसुद्धा, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला किती ताकद लागली ते टिपलं. त्या आलेखावरून इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात किती ताकद खर्ची पडते याचा अंदाज बांधता आला. नुसत्या कमाल वेगाच्या आकड्याने ते कधीच सांगितलं नसतं.

इंग्लिश अभियंते विल्यम फ्राउड यांनी इंग्लंडमधल्या टॉर्कीला हौद बांधून, पाण्याचा विरोध मोजायला जहाजांच्या मेणाच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहिल्या होत्या. तसाच, सुमारे १०० मीटर लांबीचा हौद डेनींनी १८८३ मध्ये स्वतःच्या यार्डात उभारला. खासगी कंपनीने बांधलेला असा हा जगातला पहिलाच. त्याआधी, १८८० मध्ये, कामात सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांना रोख बक्षीस देण्याची योजनाही त्यांनी सुरू केली होती. जो हातात हत्यार धरतो त्याला अडचण आधी कळते, हे त्या मालकांनी ओळखलं याचं मला फार अप्रूप आहे. नोकरीला लागलीस की वेल्डरशी बोलायला लाजू नकोस.

एवढं असूनही कंपनी १९६३ मध्ये बंद पडली. हौद मात्र आहे, संग्रहालय म्हणून. कधी स्कॉटलंडला गेलीस तर बघून ये.

आता तुझ्या प्रकल्पाबद्दल. संगणकावरच्या चाचणीत तू फक्त कमाल वेगाचेच आकडे ठेवलेस. किमान पाच वेग घे, त्यात दोन संथ असू देत, आणि ताकदीचा आलेख हाताने काढ. आलेख कुठे वाकडा जातो त्यावर खूण कर आणि मला पाठव.

तुझा,
सर