हिप रिप्लेसमेंटनंतर अडीच महिन्यांनी स्नायू पुन्हा दुखू लागले, तर सांधा बिघडला असे समजावे का?

तुमच्या प्रश्नातून मला समजले ते असे: शस्त्रक्रियेला अडीच महिने झाले आहेत, तुम्ही काठीवर चालू लागला होता, घरातल्या लग्नानंतर मात्र नितंब आणि मांडी इतकी दुखू लागली की पुन्हा वॉकर हाती घ्यावा लागला, आणि आता बसवलेला सांधा हलला असेल अशी धास्ती वाटते. मी डॉक्टर नाही. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे माझा उजवा सांधा बदलावा लागला होता आणि या दुखण्यातून मी गेलो आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितो. तुम्ही वर्णन केलेले दुखणे बहुतेक वेळा सांध्याचे नसून स्नायूंचे असते, आणि हा फरक ओळखता आला की निम्मी भीती कमी होते.

धातू, सिरॅमिक आणि प्लास्टिकच्या कृत्रिम सांध्याला स्वतःला संवेदना नसते. दुखते ते त्याच्या भोवतीचे हाड, स्नायू आणि त्यांची आवरणे. हे स्नायू शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच अशक्त झालेले असतात, कारण दुखरा पाय वाचवत वर्षानुवर्षे लंगडत चालल्याने नितंबाच्या बाजूचा, कंबर तोलून धरणारा स्नायू झिजतो. त्यात सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी सर्जनला कुठून तरी वाट काढावी लागते. मागच्या बाजूने गेल्यास मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापून पुन्हा शिवले जातात. बाजूने गेल्यास हाच तोल धरणारा स्नायू अंशतः सोडवून परत जोडावा लागतो. पुढच्या बाजूने स्नायूंच्या मधून जाता येते, तरी मांडीच्या पुढच्या भागाला ताण बसतोच. शिवाय आखूड झालेला पाय पुन्हा लांबीवर आणला जातो, तेव्हा आक्रसलेले स्नायू एकदम ताणले जातात. शस्त्रक्रिया झालेला पाय लांब झाल्यासारखा वाटतो तो बऱ्याचदा या ताणामुळे आणि कंबर तिरपी राहिल्यामुळे. ही जाणीव काही महिन्यांत पुष्कळ कमी होते, म्हणून सर्जनने मोजून सांगितल्याशिवाय बुटात जाड तळ घालण्याची घाई करू नये.

दुखते कुठे, यावरूनही बरेच समजते. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपताना किंवा खूप वेळ उभे राहिल्यावर दुखत असेल, तर तो तोल धरणारा स्नायू किंवा त्याच्याजवळचा सुजलेला भाग असण्याची शक्यता जास्त असते. गाडीत बसताना पाय उचलला की जांघेत कळ येते, ती बहुधा मांडी वर उचलणाऱ्या स्नायूची असते. सिमेंटशिवाय बसवलेल्या सांध्यात खुर्चीतून उठल्यावर पहिली काही पावले मांडीच्या मध्यभागी दुखते आणि मग कमी होते, असेही काहींना होते. खुब्याचे दुखणे गुडघ्यातही जाणवते, त्यामुळे गुडघा दुखला म्हणून लगेच त्याच्याही शस्त्रक्रियेचा विचार करू नये!

काही लक्षणे मात्र घरी वाट पाहण्यासारखी नाहीत. अचानक तीव्र कळ येऊन पायावर भारच देता न येणे, पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर एक क्षणही थांबू नये, कारण पायात झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते.

आता लग्नाकडे येऊ. मांडवात तासन्‌तास उभे राहणे, खोल सोफ्यावर बसणे, कार्यालयाचे जिने, प्रवास हे सगळे एकाच दिवशी आले, आणि अडीच महिन्यांच्या स्नायूला तेवढा भार पेलत नाही. एका पायावर उभे असताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, आणि चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायला सांगतात ते याचसाठी. तिथून ती कंबरेला आधार देते आणि अशक्त स्नायूचे काम हलके होते. दुखऱ्या बाजूलाच काठी धरून चालणारे पुष्कळ दिसतात, आणि त्यांचे लंगडणे जात नाही.

माझ्या फिजिओथेरपिस्टने दिलेली कसोटी मला फार उपयोगी पडली. व्यायामानंतर संध्याकाळी थोडे जास्त दुखले आणि सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर चालू दे. सकाळीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर दोन-तीन दिवस चालणे आणि व्यायाम निम्म्यावर आण, पण बंद करू नकोस. अंथरुणाला खिळणे हा उपाय नव्हे. मला तिसऱ्या महिन्यात तापखोकल्याने झोपून राहावे लागले, आणि उठलो तेव्हा जवळजवळ गेलेले लंगडणे परत आले होते. त्या वेळी घोटे वर-खाली करणे, मांडी आणि नितंब आवळून सोडणे, टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवणे, अशा अगदी सुरुवातीच्या व्यायामांपासून पुन्हा आरंभ झाला. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा लवकर पार पडले. वॉकर परत घेण्यात कमीपणा नाही. लंगडत काठीवर चालण्यापेक्षा सरळ पावलांनी वॉकरवर चालणे स्नायूंना अधिक चांगले वळण लावते.

सूज असेल तर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा. केवळ आखडलेपण असेल आणि जखम पूर्ण भरली असेल, तर कोमट शेकाने बरे वाटते. जोरकस मालीश किंवा पाय ओढून-पिळून देणारे उपचार मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी टाळावेत, विशेषतः सांधा निसटण्याचा धोका असलेल्या या पहिल्या काही महिन्यांत. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, खाली बसण्याचा संडास आणि बुटकी खुर्ची यांबाबत सर्जनने दिलेली मुदत पाळावी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घेतल्याने व्यायाम नीट होतो. पण रक्त पातळ करणारे औषध चालू असताना किंवा मूत्रपिंडाचा, पोटाचा त्रास असताना दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नयेत.

नातेवाईक तुमची तुलना कोणाच्या तरी काकूंशी करतील, आणि चौकशी केल्यावर त्या काकूंचा गुडघा बदललेला असल्याचे निघेल. तिकडे लक्ष देऊ नका. स्नायूंची ताकद वर्षभरही वाढत राहते, आणि मधले काही आठवडे काहीच प्रगती दिसत नाही.

भार कमी करूनही दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा स्वस्थ पडून असताना आणि रात्रीही दुखणे वाढत गेले, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता सर्जनना दाखवा. ते नवा एक्स-रे आधीच्या एक्स-रेशी ताडून पाहतील आणि जंतुसंसर्गाची शंका असेल तर रक्ततपासणी सांगतील. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. सांधा कोणत्या बाजूने उघडला याची नोंद कार्डावर नसेल, तर ती त्याच वेळी विचारून लिहून घ्या, कारण कोणत्या हालचाली अजून टाळायच्या आणि कोणता स्नायू आधी बळकट करायचा, हे फिजिओथेरपिस्ट त्यावरूनच ठरवतात.