गोळीच्या सोडा बाटल्या जमवायच्यात? आधी एवढं बघा

सुरुवात मुंबई-पुण्याच्या गोळीच्या बाटल्यांपासून, म्हणजे गळ्यात बूच म्हणून काचेची गोटी असलेल्या सोड्याच्या बाटल्यांपासून, करणार असाल तर उत्तम. पण 'गोळी आहे म्हणजे जुनी' हे आधी डोक्यातून काढा. हायरम कॉड या इंग्रज माणसाने काढलेल्या या बाटलीचं पेटंट 1870 च्या दशकातलं असलं, तरी तशा बाटल्या आपल्याकडे आजही बनतात.

मग बघायचं काय? काचेवरची उठावाची अक्षरं. बाटली उजेडात तिरकी धरा, अंगठा फिरवा. 'बॉम्बे' किंवा 'पूना' आणि सोडावाल्याचं नाव लागलं की निम्मं काम झालं. सोबत 'बार्न्सली' दिसलं तर गोंधळू नका, ते काच कारखान्याचं इंग्लंडमधलं गाव. सोडा भरणारा इथलाच.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- कंपनीचं स्थापनावर्ष म्हणजे बाटलीचं वय धरतात. मुंबईचे सोडावाले पालनजी 1865 चे, ड्यूक्स 1889 चे. म्हणून त्यांची प्रत्येक बाटली त्या साली बनलेली नसते.
- गडद निळा रंग बघून भुलतात. नेहमीची बाटली फिकट हिरवट असते. निळीचे पैसे जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.
- तारेच्या ब्रशने घासतात. चरे पडले की पडले! कोमट पाण्यात साबण घालून रात्रभर भिजत ठेवा, बास.

चोर बाजारात घासाघीस करण्याआधी तोंडाच्या कडेवरून नख फिरवा, टवका लगेच कळतो. गोळी काढायला पोरांनी ढिगाने बाटल्या फोडल्यात, त्यामुळे अक्षरं स्पष्ट असलेली धड बाटली दिसली तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही.